बासरीच्या आत शब्द कसे गेले?

मौलाना जलालुद्दीन रूमी यांच्या मसनवीचे सहा दफ्तर आहेत आणि सुमारे पंचवीस हजार शेर. ग्रंथाला अरबी गद्यात छोटी प्रस्तावना आहे. पण पद्य सुरू होते ते एका पोकळ बोरूपासून. ‘नै’ म्हणजे बोरूची बासरी. तिला तिच्या बेटातून कापून आणले आहे, ती त्या ताटातुटीची कहाणी सांगते आहे, ती ऐका, असे मौलाना वाचकाला सांगतात. सुरुवातीचे हे अठरा शेर ‘नैनामा’ म्हणून ओळखले जातात. मौलवी सिलसिल्यात अशी रिवायत आहे की एवढे अठरा शेर मौलानांनी स्वतःच्या हाताने लिहिले, बाकीची मसनवी ते बोलत गेले आणि हुसामुद्दीन चलबी लिहीत गेले.

माझ्या उर्दूच्या वर्गात हा ‘नै’ शब्द आला की मुले हसतात. दख्खनी बोलणाऱ्या घरांत ‘नै’ म्हणजे ‘नाही’. फळ्यावर ‘नै’ लिहून मी म्हणतो, ही बासरी आहे, मागच्या बाकावरून उत्तर येते, “सर, नै!” विनोद दरवर्षी तोच असतो, पण त्यामुळे शब्द पाठ होतो.

एकट्या बासरीसाठी लिहिलेल्या आणि साहित्यातून जन्मलेल्या संगीताचा इतिहास मला आज सांगायचा आहे. हा विषय पाश्चात्त्य संगीताच्या पुस्तकांत येतो आणि तिथे तो पॅरिसपासून सुरू होतो. माझ्या मते तो कोन्यापासून सुरू करायला हवा. कोन्या ते पॅरिस हा रस्ता लांब असला तरी मध्ये तुटलेला नाही.

आधी बोरूबद्दल. मराठीत ‘बोरू’ म्हटले की आपल्याला लेखणी आठवते. उर्दू खुशखत लिहिणारे कातिबही बरूचाच क़लम वापरत. ‘क़लम’ हा शब्द अरबीत ग्रीक ‘कलामोस’वरून आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात आणि कलामोसचा अर्थ बोरूच. म्हणजे एकाच पाणथळ जागेतून कापलेल्या एका तुकड्याला टोक काढले की लेखणी होते, भोके पाडली की बासरी. एकीतून शाई वाहते, दुसरीतून श्वास. साहित्य आणि बासरी यांचे नाते शोधायला फार दूर जावे लागत नाही, ती एकाच मुळावरची आहेत.

मौलानांचा इंतकाल १२७३ साली कोन्यात झाला. त्यांच्या मागे मौलवी सिलसिल्याने समाचा जो विधी घडवला, त्यात नैची जागा ठरलेली आहे. आधी ‘नात-ए-शरीफ’ गायली जाते. तिची चाल सतराव्या शतकातील उस्मानी संगीतकार इत्री यांची समजली जाते. मग कुदूम या लहान नगाऱ्यावर ठोके पडतात. ‘कुन’, म्हणजे ‘हो’, या अल्लाहच्या हुकुमाची ती खूण मानतात. आणि त्यानंतर सगळे वादक थांबतात आणि एकटी नै वाजते. याला ‘तक्सीम’ म्हणतात. ती आधी लिहिलेली नसते. वादक मकामाच्या चौकटीत राहून ती त्या क्षणी रचतो. निर्जीव मातीत फुंकलेला पहिला श्वास, असा तिचा अर्थ सांगितला जातो.

आता पाहा. एक ग्रंथ आहे, त्याच्या पहिल्या पानावर बासरी आहे, आणि त्या ग्रंथामुळे शतकानुशतके एकट्या बासरीची रचना वाजते आहे. ‘साहित्यातून प्रेरणा घेतलेली एकल बासरी’ याचे याहून चांगले उदाहरण कोणते? तिथे शब्द उच्चारले जात नाहीत. ऐकणाऱ्याला ते माहीत असतात आणि वाजवणाऱ्याला तर असतातच. शब्द बासरीच्या मागे उभे असतात.

हीच रीत १९१३ साली पॅरिसमध्ये दिसते. क्लोद देब्युसी हा फ्रेंच संगीतकार. त्याने १८९४ साली मालार्मेच्या एका कवितेवरून वाद्यवृंदाची रचना केली होती आणि तिची सुरुवातही एकट्या बासरीनेच होते. पुढे गाब्रिएल मूरे या लेखकाने ‘प्सिशे’ नावाचे नाटक लिहिले आणि देब्युसीकडे संगीत मागितले. देब्युसीने त्यातल्या एका प्रसंगासाठी एकट्या बासरीची जेमतेम तीन मिनिटांची रचना दिली. १ डिसेंबर १९१३ रोजी लुई फ्लरी या बासरीवादकाने ती पडद्याआडून वाजवली. प्रेक्षकांना वादक दिसत नव्हता, फक्त सूर येत होता. फ्लरी १९२६ साली वारला तोपर्यंत ही रचना जवळजवळ त्याचीच राहिली. १९२७ साली ती छापली गेली ती ‘सिरिंक्स’ या नावाने. आज पाश्चात्त्य बासरी शिकणारा जगातला बहुतेक प्रत्येक विद्यार्थी ती वाजवतो.

सिरिंक्स कोण? लॅटिन कवी ओव्हिडने आपल्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या पहिल्या सर्गात तिची गोष्ट सांगितली आहे. पॅन हा मेंढपाळांचा देव तिच्या मागे लागतो. ती पळते, पुढे नदी आडवी येते. ती नदीतल्या बहिणींना विनवते की माझे रूप बदला. पॅन तिला धरतो तेव्हा त्याच्या हातात बाई नसते, बोरूंची मोळी असते. तो उसासा टाकतो, तो उसासा बोरूंतून जातो आणि त्यातून आवाज निघतो. मग तो ते बोरू कमीजास्त लांबीचे कापतो, मेणाने जोडतो आणि पावा करतो.

मसनवीतला बोरू आणि ओव्हिडचा बोरू शेजारी ठेवले तर दोन्हींत ताटातूट आहे, कापणे आहे, श्वास आहे. पण रडतो कोण, हे वेगळे आहे. मसनवीत बोरू स्वतः बोलतो, आपल्या मुळाकडे परत जायला तडफडतो. ओव्हिडकडे बोरू झालेली बाई गप्प आहे आणि दुःख व्यक्त करतो तो तिला पकडायला निघालेला. ती ज्याच्यापासून पळाली त्याच्याच ओठाला शेवटी लागली, हे वाचताना मला दरवेळी खुपते. देब्युसीची रचना ऐकताना हा सूर पॅनचा की सिरिंक्सचा, असा प्रश्न पडतो. चांगल्या संगीताचा फायदा असा की ते याचे उत्तर देत नाही. शब्दांत कर्ता लिहावाच लागतो, बासरीला कर्ता सांगावा लागत नाही.

इथपर्यंत शब्द बासरीच्या बाहेर होते. ते आत गेले विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

तोरू ताकेमित्सू (१९३० ते १९९६) हा जपानी संगीतकार. त्याने १९७१ साली ओरेल निकोले या स्विस बासरीवादकासाठी ‘व्हॉइस’ ही रचना केली. शब्द शूझो ताकिगुची या जपानी कवीचे. वादकाला बासरी वाजवता वाजवता ते फ्रेंच आणि इंग्रजीत म्हणायचे असतात. काही ठिकाणी ओरडायचे असते, काही ठिकाणी बासरीत गुणगुणायचे असते. जपानच्या नो नाटकातल्या बासरीची धारदार फुंक त्यात ऐकू येते. इथे वादक एकाच वेळी वाद्यही आहे आणि पात्रही.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८२ साली, काइया सारिआहो हिने ‘लाकोनिस्म द लेल’ लिहिले. नावाचा अर्थ मराठीत ‘पंखाचे मितभाषण’ असा करता येईल. सारिआहो फिनलंडची, जन्म १९५२ चा हेलसिंकीतला, मृत्यू २०२३ साली पॅरिसमध्ये. त्या काळात ती जर्मनीत फ्रायबुर्ग येथे ब्रायन फर्नीहो आणि क्लाउस हूबर यांच्याकडे शिकत होती आणि १९८२ सालीच पॅरिसला गेली. या रचनेचा आधार आहे सँ-जाँ पेर्स याची ‘पक्षी’ ही दीर्घ गद्यकविता. पेर्स हे टोपणनाव. खरा माणूस आलेक्सी लेजे, ग्वादलूप बेटावर १८८७ साली जन्मलेला, फ्रेंच परराष्ट्र खात्यातला मोठा अधिकारी. १९६० साली त्याला साहित्याचे नोबेल मिळाले. चित्रकार जॉर्ज ब्राक याच्या पक्ष्यांच्या चित्रांसोबत ही कविता १९६२ साली आली.

सारिआहोने पक्षी घेतले, पण पक्ष्यांचे गाणे घेतले नाही. बासरी आणि पक्षी म्हटले की कोकिळेची नक्कल करण्याचा मोह कोणालाही होईल. तिला पक्ष्यांच्या आवाजापेक्षा त्यांनी उडताना आकाशात ओढलेल्या रेषा हव्या होत्या, आणि जमिनीची ओढ तोडून वर जाण्याची त्यांची धडपड हवी होती. म्हणून या रचनेत सूर सरळ उभा राहत नाही. तो हलका उचलला जातो, घसरतो, पुन्हा वर जातो.

आणि शब्दांचे काय? सुरुवातीला बासरीवादक पेर्सच्या ओळी मोठ्याने वाचतो. मग बासरी ओठाजवळ येते आणि तेच वाचन बासरीत होऊ लागते. आवाज कुजबुजीवर उतरतो. कुजबुजीतून अक्षरे सुटी होतात, अक्षरांतून नुसती फुंक उरते आणि त्या फुंकेतून सूर उगवतो. वाक्य कुठे संपले आणि संगीत कुठे सुरू झाले, ती जागा बोटाने दाखवता येत नाही.

ही घडण मला तजवीद शिकलेल्या माणसाला चटकन कळेल अशी वाटते. मदरशात किंवा मकतबमध्ये आपण हरफांच्या सिफ़ात शिकलो. त्यात ‘हम्स’ नावाची एक सिफ़त आहे. जे हरफ उच्चारताना श्वास अडत नाही, वाहत राहतो, ते हम्सचे हरफ. असे दहा आहेत: फ़े, हे, से, लहान हे, शीन, ख़े, साद, सीन, काफ़ आणि ते. तोंडापुढे तळहात धरून ‘शीन’ म्हणा, वारा लागेल. ‘मीम’ म्हणा, लागणार नाही. मराठी व्याकरणात आपण महाप्राण, अघोष असे शब्द वापरतो. वर्गीकरण वेगळे असले तरी निरीक्षण तेच आहे: अक्षर म्हणजे श्वासाला दिलेला आकार.

बासरीला यातला श्वास लागतो, कंठाचा नाद लागत नाही. ‘श’, ‘ह’, ‘फ़’, ‘ख़’ बासरीत गेले की वाऱ्याचे वेगवेगळे पोत तयार होतात. ‘त’ आणि ‘क’ गेले की सुराला टोकदार सुरुवात मिळते. आपल्याकडचे बासरीवादकही जिभेने ‘तु’ करून सुर तोडतात, तो याचाच साधा प्रकार. सारिआहोने हे तत्त्व पुढे नेले. कवितेचा अर्थ बाजूला काढून तिने कवितेचा श्वास घेतला, आणि मग त्या श्वासातून अर्थ परत येतो का ते पाहिले. मला तो येताना ऐकू येतो, पंख फडकल्यासारखा.

१९८२ सालीच तिची आणि कामिला होइटेंगा या अमेरिकन बासरीवादिकेची भेट झाली आणि दोघींची जोडी सारिआहोच्या अखेरीपर्यंत टिकली. १९९२ सालच्या ‘नोआनोआ’मध्ये चित्रकार गोगँच्या ताहितीतल्या प्रवासवहीतले शब्द बासरीत जातात, जोडीला संगणकावर घडवलेले आवाज असतात. २००१ साली ती पुन्हा पेर्सच्या पक्ष्यांकडे वळली आणि बासरी व वाद्यवृंद यांची ‘एल द्यु सोंज’ लिहिली. आणि २०१२ साली आम्स्टरडॅममध्ये तिची ‘सर्कल मॅप’ ही रचना प्रथम सादर झाली. त्यात वाद्यवृंदाबरोबर सहा रुबाया ऐकू येतात. मूळ फारसीत, ध्वनिमुद्रित वाचनातून. कवी कोण? मौलाना जलालुद्दीन रूमी. सुरुवातीला म्हटलेला रस्ता तुटलेला नाही तो असा.

आता आपल्या घरातला प्रश्न. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतला एक मुलगा शेजारच्या काकांकडे बासरी शिकू लागला. त्याची अम्मी पालकसभेनंतर थांबली आणि हळूच म्हणाली, “सर, हे चालतं का? घरात म्हणतात, बासरी आपली नाही. एक तर मौसिकी, त्यात कृष्णाची.” मी मुफ्ती नाही, फतवा देणे माझे काम नाही, हे मी त्यांना सांगितले. पण इतिहास सांगणे माझे काम आहे, आणि तो असा आहे.

वाद्यांबद्दल फिकहच्या बहुसंख्य जाणकारांचे मत कडक आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. बासरीबद्दल तर खास एक रिवायत सांगितली जाते. हज़रत अब्दुल्लाह इब्न उमर वाटेने जात असताना पाव्याचा आवाज आला. त्यांनी कानांत बोटे घातली, वाट बदलली आणि सोबतच्या नाफ़े यांना विचारत राहिले की अजून ऐकू येते का. आवाज थांबल्यावर बोटे काढली आणि आपण रसूलुल्लाह यांना असेच करताना पाहिल्याचे सांगितले. ही हदीस सुनन अबू दाऊदमध्ये आहे. स्वतः अबू दाऊद यांनी तिला ‘मुनकर’ म्हटले, इतर काही मुहद्दिसांनी ती मान्य केली. इमाम ग़ज़ाली (इंतकाल ११११) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यात ते या रिवायतीचा विचार करतात. त्यांचा मुद्दा असा की इब्न उमर यांनी नाफ़े यांना कान बंद करायला सांगितले नाही. ऐकणे हरामच असते, तर सांगितले असते. ग़ज़ालींनी दारूच्या बैठकींशी जोडलेली वाद्ये मना केली, पण मेंढपाळाचा पावा त्यांनी त्यात धरला नाही.

आपल्या दख्खनचेही उदाहरण आहे. खुलताबादचे हज़रत बुरहानुद्दीन ग़रीब (इंतकाल १३३७) समासाठी प्रसिद्ध होते. त्यांचे पीर हज़रत निज़ामुद्दीन औलिया समा ऐकत, मात्र वाद्यांना त्यांची मनाई होती. म्हणजे एकाच सिलसिल्यातही हद्द कुठे आखायची याची चर्चा होती. ज्यांना वाद्य नको त्यांच्याजवळ दलील आहे. ज्यांनी नै ओठाला लावली त्यांच्याजवळही दलील आहे, आणि ती आजकालची नाही, नऊशे वर्षांची आहे.

राहिले ‘कृष्णाची’. कृष्णाच्या हातात बासरी आहे, ओव्हिडच्या पॅनच्या हातात आहे, कोन्याच्या दरवेशाच्या हातात आहे. बांबू आणि बोरू उगवतात तिथे माणसाने त्यात फुंकले आहे. हिंदुस्तानी रागसंगीतात मोठी बासरी मैफलीत आणणारे पन्नालाल घोष (१९११ ते १९६०) यांनी १९४७ पासून तालीम घेतली ती उस्ताद अल्लाउद्दीन ख़ाँ यांच्याकडे. बासरी ‘कोणाची’ म्हणायची मग?

बंदी घालणारे फक्त धर्माच्या बाजूचे असतात असेही नाही. १९२५ साली तुर्कस्तानच्या प्रजासत्ताकाने कायदा करून सगळ्या खानकाह बंद केल्या. त्यात मौलवी दर्गाहही गेले. ज्या विधीत नैला पहिला श्वास मानले होते तो विधीच थांबला. १९५० च्या दशकात कोन्यात समा पुन्हा दिसू लागली ती सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. मधल्या काळात नै टिकली ती घराघरांत आणि उस्तादाने शागिर्दाला शिकवत राहिल्यामुळे. कुदसी एर्गुनेर हे अशाच नैवादकांच्या घराण्यातले, जन्म १९५२ चा, म्हणजे सारिआहोच्याच वर्षीचा. सत्तरच्या दशकात तेही पॅरिसला गेले.

त्या अम्मींना मी एवढे सगळे एका दमात सांगितले नाही. थोडे सांगितले. त्या म्हणाल्या, “त्याच्या अब्बांना सांगते.” मुलगा अजून शिकतो आहे की नाही ते मी विचारलेले नाही. ते घर त्यांचे आहे, निर्णय त्यांचा.

पण तो किंवा दुसरे कोणी कधी आपल्या साहित्यावरून बासरीची रचना करायला बसलेच, तर सामान तयार आहे. मसनवीचे वृत्त फ़ाइलातुन फ़ाइलातुन फ़ाइलुन. माधव जूलियनांनी फारसी वृत्ते मराठीत रुजवल्यापासून आपण ते गालगागा गालगागा गालगा असे मोजतो. सात, सात आणि पाच, एकूण एकोणीस मात्रा. दोन लांब पावले आणि मग एक पाऊल कमी पडते. ओळीच्या शेवटी जी दोन मात्रांची पोकळी राहते, तिथे वाचणारा श्वास घेतो. मसनवी मोठ्याने वाचली की हे आपोआप होते. बासरीवाल्याने एकही शब्द न उच्चारता केवळ हा श्वास पाळला, तरी ज्याला मसनवी येते तो मान वर करून पाहील.

साहित्यातून संगीत करायचे म्हणजे गोष्टीची चित्रे सुरांत काढायची, असा आपला समज असतो. घोडा आला की टापा, पाऊस आला की सरी. वरच्या चारही रचनांनी ते केले नाही. तक्सीमने ग्रंथाची आठवण ठेवली, देब्युसीने कोण गातो हे उघडे ठेवले, ताकेमित्सूने वादकाला बोलायला लावले, सारिआहोने शब्द विरघळू दिले. प्रत्येकाने मजकुरातून एकच गोष्ट उचलली आणि बाकीची सोडून दिली. अनुवाद शिकवताना मी मुलांना हेच सांगतो की सगळे नेता येणार नाही, काय न्यायचे ते आधी ठरवा.

बोरूला भोके पाडण्याआधी आतल्या गाठी काढाव्या लागतात. गाठी तशाच ठेवल्या तर फुंक आत जाते आणि अडते, आवाज निघत नाही. मौलानांच्या वाचकांनी या पोकळपणाचा अर्थ नफ्स रिकामा करणे असा लावला. मी भाषेचा शिक्षक आहे, मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ या गाठी आत असल्या की मसनवी असो, ओव्हिड असो की पेर्सचे पक्षी, एकही शब्द आरपार जात नाही.